बरणीत कोंडलेला श्वास

“कमरेखालचं दुखणं चारचौघांत काढायचं नाही, समजलं? पुरुषासारखं गिळायचं.”

बापाचा हा आवाज ओतासिलियोच्या कानावर पडला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बाकीचे नावाडी सुकाणूशी पाय पसरून बसायचे, त्याचा बाप मात्र दिवस दिवस उभा असायचा. “बाबा, तू कधीच का बसत नाहीस?” असं पोराने विचारलं आणि नदीकडे तोंड फिरवून बापाने हे उत्तर दिलं. त्याला चाळीस वर्षं झाली. बाप गेला. वल्ह्याची होडी जाऊन ओतासिलियोच्या हाती दुमजली मोटरबोट आली आणि गाव त्याला कप्तान म्हणू लागलं. तो आवाज मात्र कुठे गेला नाही, आणि बापाचं दुखणंही पोराच्या वाट्याला आलं.

त्या रविवारी मुरुरे गावच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बेटाबेटांवरून माणसं आली होती. होड्यांना होड्या बांधलेल्या, त्यांना आणखी होड्या. उन्हं कलली तरी चौकात एकही माणूस खाली बसलेला नव्हता. बाकं मोकळी, पायऱ्या मोकळ्या, आणि तीनशे माणसं उभी! कसले रोगी जमलेत हे शहाण्याने एवढ्यावरूनच ओळखावं. पण रोगाचं नाव घ्यायची चोरी होती. ‘ते दुखणं’ म्हणायचं आणि आभाळाकडे बघायचं.

मधोमध एका खोक्यावर मेस्त्रे फिर्मिनो उभा होता. मेस्त्रे म्हणजे उस्ताद. कशातला उस्ताद, ते विचारू नका. सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस वरच्या अंगाच्या गावांत टक्कल घालवायचं तेल विकत होता. आता अंगात पांढरेशुभ्र सुती कपडे, गळ्यात मगरीच्या दातांची माळ, आणि समोरच्या टेबलावर मेणाने तोंड बंद केलेल्या छोट्या छोट्या बरण्यांची रांग.

“या बरण्यांत काय आहे?” त्याने विचारलं. “तेल? छे! तेल हे निमित्त. यात मी माझा श्वास कोंडलाय. सात दिवस उपाशी राहून, नदीच्या उगमाकडे तोंड करून! म्हणा माझ्यामागे!”

आणि तीनशे माणसं छाती फुगवून म्हणाली:

“नाकातून घे, पोटात धर,
दुखण्यावरती दाब कर!
दाबशील तितकं पळेल पाप,
श्वासच आई, श्वासच बाप!”

“धरा! दाबा! अजून दाबा!” मेस्त्रे ओरडला. माणसांचे चेहरे लालबुंद झाले, गळ्याच्या शिरा तटतटल्या. पलीकडच्या झाडावरचे पोपट घाबरून उडाले. “सोडा! गेलं की नाही पाप?”

“गेलं!” लोक धापा टाकत म्हणाले.

“पुरावा हवा? कप्तान ओतासिलियो, या. बेलें शहराच्या इस्पितळात सुऱ्या-कात्र्यांनी यांचे काय हाल केले ते विचारू नका, माणसाची अब्रू असते. माझ्या श्वासाने काय केलं ते फक्त बघा.”

एक उघडं, खरबरीत फळकुट आणून ठेवलं. गादी नाही, उशी नाही. ओतासिलियो पुढे आला आणि बापजन्मी कुणी बसलं नसेल अशा ऐटीत धपकन बसला.

चौकातून मोठा सुस्कारा उमटला. बायकांनी छातीवर क्रूस काढला. ज्युव्हेनाल न्हावी, जो पंधरा वर्षं उभ्याने लोकांच्या दाढ्या करत होता आणि गिऱ्हाईक नसलं तरी उभाच असायचा, तो तर रडायला लागला.

ओतासिलियोला खरंच काही दुखलं नाही. ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

*

चोवीस दिवसांपूर्वी बेलेंहून परत आला तेव्हा तो धक्क्यावरून घरापर्यंत अंड्यांवरून चालल्यासारखा चालला होता. गावाला सांगितलं, “किरकोळ काम होतं.” गावच्या दवाखान्यात एनेदिना सिस्टर होती. पन्नाशीची, काटक, जिभेने तिखट. तिने इस्पितळाचे कागद वाचले आणि दार लावून घेतलं.

“हे बघा कप्तान, नीट ऐका. तीन-चार आठवडे दुखणार. त्यातून सुटका नाही. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं. इसबगोल रोज. पपई, भाज्या, भरपूर पाणी. गोळ्या वेळेवर. आणि कसावा कंदाचं सुकं पीठ महिनाभर कमी.”

“पीठ कमी?” ओतासिलियोचे डोळे विस्फारले. या नदीवर पीठ नसलेलं जेवण म्हणजे जेवणच नव्हे. माशावर पीठ, डाळीवर पीठ, आसाई फळाच्या जांभळ्या लगद्यावर मूठमूठ पीठ. “सिस्टर, त्यापेक्षा गळा दाबा.”

“गळ्याचं ऑपरेशन झालेलं नाही. ज्याचं झालंय त्याचा विचार करा.” मग तिने खुर्ची ओढली. “आता श्वास. शौचाला बसलात की पायाखाली लहान पाट घ्यायचा. दम कोंडायचा नाही, कुंथायचं नाही. नाकाने हळू घ्या, पोट फुग्यासारखं फुगू द्या. मग ओठ गोल करून सोडा, गरम वाडग्यावर फुंकर घालतो तसं. दुखलं की माणूस खालचं सगळं आवळून धरतो आणि आवळलं की जास्त दुखतं. लांब श्वास सोडला की ते सैल पडतं. बिछान्यातही करा, दहा-दहा मिनिटं.”

“त्याने जखम भरते?”

“नाही. जखम शरीर भरतं, आपल्या गतीने. श्वासाने तेवढा वेळ सुसह्य होतो, बस्स. त्याहून जास्त कुणी सांगितलं तर तो थापा मारतोय.”

दहा दिवस त्याने ऐकलं. दुखणं होतं, पण भरती ओसरावी तसं बोटबोटभर मागे सरत होतं. तरी बोट धक्क्याला बांधलेली, फेरीवर दुसराच माणूस, आणि जेवायला पपई! अकराव्या दिवशी ज्युव्हेनाल त्याला कोपऱ्यात घेऊन कुजबुजला, “कप्तान, एक माणूस आलाय. एका फुंकरीत बसता करतो. आणि हवं तेवढं पीठ खा म्हणतो.”

पीठ सोडा म्हणणारी सिस्टर कुठे आणि पीठ खा म्हणणारा उस्ताद कुठे! ओतासिलियो गेला.

मेस्त्रेच्या राहुटीत पडद्याआड त्याने बरणीतल्या तेलात भिजवलेलं फडकं सांगितल्या जागी लावलं. बाहेर मेस्त्रे फुंकर घालत होता, मंत्र म्हणत होता. अर्ध्या मिनिटात झिणझिण्या आल्या, जशा शेकडो बारीक मुंग्या चालाव्यात. “चालला का श्वास?” पडद्याबाहेरून प्रश्न आला. “चालला!” तो म्हणाला. आणि मग दुखणं गेलं. कमी नव्हे, सरळ गेलंच. आठ महिन्यांत पहिल्यांदा ओतासिलियो खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

“आता नियम,” मेस्त्रे म्हणाला. “औषध आणि श्वास एका घरात नांदत नाहीत. गोळ्या, भुकट्या नदीत सोड. टबात बसू नकोस, पाण्यात श्वास गुदमरतो. रोज सकाळी धर आणि दाब. आणि बरणी बाईमाणसाच्या हाती, नाकाशी, डोळ्यांपुढे येता कामा नये. बाईचा स्पर्श झाला की श्वास उडाला.”

त्याने इसबगोलाचा डबा नदीत सोडला. तो बराच वेळ तरंगत राहिला, मग नदीने गिळला. चौदाव्या दिवशी त्याला पहिल्यांदा रक्त दिसलं.

*

“काय रे, तू विजार धुतोयस?”

निल्दा बोटीच्या फळीवर उभी होती. त्याची बायको. रोज दुपारी चौकात ताकाकाचं मोठं पातेलं मांडायची: आंबट पिवळा रस, तळाशी डिंकासारखी खळ, वर सोडे आणि जांबू नावाच्या भाजीचा पाला. पाचच्या ठोक्याला गाव तिच्याभोवती गोळा व्हायचं, तुंब्याच्या वाडग्यातून भुरके मारायचं आणि जांबूने बधिर झालेल्या ओठांनी बोबडं बोलत एकमेकांना हसायचं.

“धुतली तर बिघडलं काय?”

“सव्वीस वर्षांत स्वतःचा पेला विसळला नाहीस. आणि आज विजार? तेही घरी नाही, बोटीवर लपून?”

“ऑईल सांडलं होतं.”

“बोट महिनाभर बंद आहे.” ती फळीवरून आत आली. “दुखतंय का रे?”

“मी फळकुटावर बसतो, अख्खं गाव बघतं. अजून काय हवंय तुला?”

निल्दाने त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण त्याला ते फळकुटापेक्षा जास्त टोचलं. मग ती दुसरंच बोलल्यासारखं बोलली, “एक गंमत सांगू? त्या तुझ्या मेस्त्रेचा मेहुणा माझ्या वाफ्यावर येतो. जांबू मागतो. पाला नको म्हणतो, फुलं हवीत. पिवळी बोंडं. टोपल्याच्या टोपल्या नेतो. पाला टाकून फुलं नेणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं.”

“सजावटीला नेत असेल.”

“हो, मयताच्या,” निल्दा म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी एनेदिना सिस्टर आपणहून बोटीवर आली. “कप्तान, तपासणीला आला नाहीत. रक्त? ताप?”

“काही नाही. ठणठणीत.”

“गुप्त ठेवीन. माझ्या तोंडून तुमची गोष्ट नदीलासुद्धा कळणार नाही. पण मला तरी सांगा.”

बापाचा आवाज कानात होताच. “ठणठणीत,” तो पुन्हा म्हणाला. सिस्टर एक क्षण त्याच्या फिक्या पडलेल्या नखांकडे बघत राहिली आणि उतरून गेली.

शनिवारी ज्युव्हेनाल न्हावी गल्लीत भेटला. चेहऱ्यावर लग्नघरची कळा. “कप्तान! मला बेलेंची तारीख आली होती, पुढच्या महिन्याची. फाडली चिठ्ठी! तुम्हाला त्या फळकुटावर बघितलं आणि ठरवलं. तुम्ही नसतात तर हिंमत झाली नसती.”

त्याने ओतासिलियोचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. ओतासिलियोला तो हात सोडवून घेववेना आणि खरं सांगवेना. त्या सकाळी शौचाला बसला तेव्हा भरपूर रक्त गेलं होतं आणि उठताना त्याला भोवळ आली होती.

*

रविवारी गर्दी दुप्पट. पुन्हा फळकुट, पुन्हा तेल, पुन्हा ओतासिलियो त्यावर. अंगाखाली काहीच जाणवत नव्हतं, जणू कमरेखालचा माणूस दुसऱ्याच कुणाचा. डोकं मात्र हलकं झालं होतं आणि कानांत नदी वाहत होती.

“नाकातून घे, पोटात धर...” मेस्त्रेने सुरुवात केली.

“जरा थांबा.”

गर्दीतून निल्दा आली. कमरेला फडकं, हातात पळी. सरळ टेबलापाशी गेली आणि एक बरणी उचलली.

“ए बाई!” मेस्त्रे किंचाळला. “हात लावू नकोस! श्वास उडून जाईल!”

“उडू दे. कुठे जातो बघू तरी.” तिने नखाने मेण खरवडलं, बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

चौकात ‘ई’ असा आवाज झाला. ते तेल कुठे लावतात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“ई काय? नवी बरणी आहे,” निल्दा म्हणाली. मग ओठ चाटले. गालांत हसू यायला लागलं आणि आलं तसं विझलं, कारण तिला राग आला होता. बोलायला लागली तेव्हा शब्द बोबडे येत होते. “हा... माझा जांबू आहे. तीस वर्षं रांधतेय मी. माझ्या वाफ्याची चव मला शिकवतोस?”

“श्वास जिभेवर उतरला, म्हणून बोबडी वळली!” मेस्त्रे ओरडला. “बघितलंत सामर्थ्य?”

“मग हेही बघा.” एनेदिना सिस्टर पुढे झाली. तिच्या हातात लोणच्याची जुनी बाटली होती. “हे मी काल दुपारी दवाखान्याच्या शेगडीवर केलं. निल्दाने आणून दिलेली तिच्या वाफ्यातली फुलं, अंदिरोबाच्या बियांचं तेल, मंद आच. मंत्र नाही, उपास नाही. उलट जेवले आणि रेडिओवर फुटबॉलची मॅच ऐकत ढवळलं. आमचा संघ हरला, म्हणजे कुठलीही दैवी शक्ती हजर नव्हती. कोण चाखतं?”

शेवटी ज्युव्हेनाल न्हावी पुढे आला. त्याने एका बोटाने मेस्त्रेचं तेल आणि दुसऱ्याने सिस्टरचं चाखलं. लोक श्वास रोखून बसले, म्हणजे उभे राहिले.

“ते... तेच,” तो बोबडं बोलला. “दोन्ही तेच! अहो, हे तर रोज पाच वाजता...”

आणि मग चौकाला लाज वाटली. जो जांबू रोज ओठांवर नाचतो तोच बरणीतून आला आणि त्यांनी त्याच्यापुढे मान तुकवली! एवढ्या माणसांतल्या दोघांनी जरी एकमेकांना विचारलं असतं की, “गड्या, तुला नेमकं कसं वाटलं?” तरी दोघांच्याही तोंडून ‘जांबू’ हाच शब्द निघाला असता. पण विचारणार कोण? ज्या दुखण्याचं नाव घ्यायला माणूस लाजतो त्या दुखण्यावर भोंदूची दुकानं चालतात. मेस्त्रेने तेल विकलं नव्हतं, त्यांचं मौन त्यांनाच विकलं होतं.

मेहुणा बरण्या पोत्यात भरायला लागला होता. पण फिर्मिनो मुरलेला होता. तो हसला.

“ठीक! जांबू तर जांबू! फूल देवानेच केलं ना? बाटल्यांचे खेळ करणाऱ्या सिस्टरला विचारा, माणसं बरी झाली की नाही?”

“बधिर होणं म्हणजे बरं होणं नाही,” सिस्टर म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, म्हणून सगळे ऐकायला लागले. “दाढ दुखली की तुम्ही जांबू चघळता. ठणका थांबतो. कीड थांबते का? दुखणं म्हणजे शरीराने मारलेली हाक. यांनी त्या हाकेचं तोंड बांधलं आणि तुम्हाला सांगितलं, आता जोरात दाबा. ताज्या टाक्यांवर कुंथून दाबलं तर काय होईल, डोकं वापरून सांगा. मी श्वास सोडायला शिकवते, हे कोंडायला शिकवतात. माझाच धडा उलटा करून, वर माळ घालून विकला. आणि हे आणखी ऐका. माझंही खरं मानू नका. घरी जा, सुकं पीठ खाऊन, दम कोंडून बघा आणि मग पपई खाऊन, दम सोडून बघा. तुमचं शरीर काय सांगतं ते ऐका. माझं ऐका म्हणून कुणी माळ घातली, की आधी त्याची बरणी चाखा.”

“भाषण संपलं?” मेस्त्रेने बोट रोखलं. “आता पुरावा! हा बघा, फळकुटावर बसलाय! कप्तान ओतासिलियो, तुम्ही सज्जन माणूस. सांगा या बायांना. बरे आहात की नाही?”

सगळं गाव वळलं. निल्दा वळली. ज्युव्हेनालने आशेने बघितलं, अगदी बुडणाऱ्याने बघावं तसं. सिस्टरने मात्र नजर खाली घातली. तिला ठाऊक असेल किंवा नसेल, पण ती गोष्ट तिची नव्हती आणि ती बोलणार नव्हती.

ओतासिलियो उठला. उठताना तोल गेला, त्याने टेबलाची कड धरली. त्याला वाटलं होतं, हे बोलताना जमीन दुभंगेल. पण जमीन होती तिथेच होती आणि माणसं वाट बघत होती.

“मला मूळव्याध होती,” तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला म्हणून त्याने पुन्हा, मोठ्याने म्हटलं, “मूळव्याध! हे तिचं नाव. बेलेंला तिचंच ऑपरेशन झालं. सिस्टर सांगत होती तसं वागलो तोवर जखम भरत होती. मग या माणसाचं ऐकून औषधं नदीत टाकली, पीठ हादडलं, दम कोंडून दाबलं. आज सतरा दिवस माझं रोज रक्त जातंय. आत्ता, इथे उभा आहे तेव्हाही जातंय. निल्दा, ऑईल नव्हतं गं ते. तुझ्याशी खोटं बोललो. ज्युव्हेनाल, मी बरा नाही. एक दिवससुद्धा बरा नव्हतो. मला बघून चिठ्ठी फाडलीस ना? उद्या सकाळी माझ्या बोटीने जाऊन नवी मागून आण. आणि सिस्टर, आत्ता दवाखाना उघडा. मला भोवळ येतेय आणि मला भीती वाटतेय.”